शस्त्रं वितळवायची की टोप्या फिरवायच्या?
जळगावात आमच्या गल्लीतली पोरं ‘टीम फोर्ट्रेस 2’ या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये मेटल कमावतात, म्हणजे खेळाडू आपसातल्या देवाणघेवाणीत पैशासारखं वापरतात ते. गेममधली शस्त्रं वितळवणं सोपं. एकाच क्लासची (पात्राच्या प्रकाराची) 2 शस्त्रं दिली की 1 स्क्रॅप, म्हणजे सगळ्यात हलकं मेटल, 3 स्क्रॅपचं 1 रिक्लेम्ड, 3 रिक्लेम्डचं 1 रिफाइंड. म्हणजे एका रिफाइंडला 18 शस्त्रं! धोका नाही, पण हाती फार थोडं लागतं.

खरी कमाई पात्रांच्या टोप्या मेटल देऊन घेण्यात आणि विकण्यात. रावेरचा केळीचा व्यापारी करतो तसंच: भाव उतरला की घ्यायचं, गिऱ्हाईक आलं की द्यायचं. केळी थांबत नाहीत, टोपी मात्र नासत नाही, हा मोठा दिलासा. तरी कुणालाच नको असलेली टोपी घेतली, तर मेटल अडकतं. माझं महिनाभर अडकलं होतं. मला टोप्याच आवडतात, पण नवख्यानं पहिलं रिफाइंड वितळवूनच जमवावं.