शेततळ्यासाठी एक एचपीचा पॅडल व्हील एरेटर: घ्यावा का?

पाणी घुसळून तळ्यातल्या माशांसाठी त्यात ऑक्सिजन मिसळणारं हे यंत्र: दोन चाकं, खाली तरंगते फ्लोट, वर मोटर आणि गिअरबॉक्स. मातीच्या दीड मीटर खोल तळ्यात हे यंत्र चोख काम करतं. 30×30×3 मीटरच्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात मात्र एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

चाकं वरचंच पाणी घुसळतात. तळाशी विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजत राहतं, तिथला ऑक्सिजन संपतो. पहिल्या मोठ्या पावसात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारं तळाचं पाणी वर येतं. अशा रात्री हे यंत्र अपुरं पडतं. खोल तळ्यात तळाशी हवा सोडणारा ब्लोअर हवाच. शिवाय तळाचा गाळ पाइपने नियमित ओढून पिकाला द्यावा, ओढ्यात सोडू नये. तिथल्या माशांचाही जीव जातो.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे 4 ते 6 सगळ्यात कठीण. लिटरला 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन असला तर मासा निवांत, 3 च्या खाली त्याचे हाल. कटला मासा सर्वांत आधी वर येतो, तोंडाची उघडझाप करत काठाला लागतो. तो दिसल्यावर बटण दाबणं म्हणजे उशीरच. हाल सुरू होऊन गेलेले असतात. रात्री 11 पासून सकाळी 7 पर्यंत चालवा, साधारण 6 युनिट लागतात. ढगाळ दिवशी खाद्य निम्मं करा.

खरी अडचण विजेची. शेतीची थ्री-फेज वीज फक्त दिवसा मिळण्याची पाळी असेल त्या आठवड्यात पहाटे यंत्र मुकं. जनरेटर नसेल तर थ्री-फेज मोटर घेऊच नका, आणि मासेही कमी सोडा.

बसवताना पाती साधारण 10 सेंटिमीटर बुडू द्या. जास्त बुडाली की मोटर तापते. चाकं उलटी फिरली तर मेन बंद करून दोन फेज अदलाबदल करा. दोर कागदाला घासता कामा नये, केबलचा जोड पाण्यावर नको, ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावलाच पाहिजे. गिअरबॉक्सचं सील गेलं की पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसतो. त्याच दिवशी यंत्र बाहेर काढा.