गाडीतलं नॅव्हिगेशन की फोन: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

निकाल आधीच देतो, कारण बहुतेकांना तेवढाच हवा असतो. गाडी या क्षणी नेमकी कुठे आहे हे गाडीतल्या नॅव्हिगेशनला जास्त चांगलं कळतं. पुढचा रस्ता आज कसा आहे हे फोनला कळतं. दोन्ही हवं असेल तर फोन केबलने अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेला (म्हणजे फोनवरचं ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीला) जोडा. केवळ कंपनीच्या नॅव्हिगेशनसाठी वरचं व्हेरिएंट घेऊ नका. ते गाडीत आलंच असेल तर मात्र अडगळीत टाकू नका, त्याला स्वतःची कामं आहेत.

इथे तुलना आहे ती कंपनीने बसवून दिलेल्या, नकाशा युनिटमध्येच साठवणाऱ्या, पेनड्राइव्हने अपडेट होणाऱ्या नॅव्हिगेशनची आणि फोनवरच्या गुगल मॅप्स व मॅपल्स या भारतीय नकाशा-ॲपची. फोन होल्डरवर, केबलने आणि वायरलेस अशा तिन्ही प्रकारे वापरून पाहिला आहे.

गाडीतल्या युनिटचा सगळ्यात मोठा फायदा बोगद्यात दिसतो. त्याचा अँटेना बहुधा छतावर असतो, आत गाडीचं वळणं ओळखणारा जायरो सेन्सर असतो आणि चाकांचा वेग त्याला एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरकडून मिळतो. उपग्रह दिसेनासे झाले तरी चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली यावरून ते जागा काढत राहतं. होल्डरवरच्या फोनला चाकांचा वेग कळत नाही. बोगद्यात शिरल्यावर तो अंदाजाने बाण पुढे सरकवतो. आत गाड्या तुंबल्या की बाण बाहेर पडतो आणि गाडी आतच राहते. समृद्धीवरचा इगतपुरीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे, कोस्टल रोडचा २ किलोमीटरच्या वर, कशेडीचाही साधारण तेवढाच. बाहेर आल्यावर फोनला पुन्हा जागा पकडायला काही सेकंद लागतात. ताशी १०० च्या वेगात ५ सेकंद म्हणजे सुमारे १४० मीटर. बोगद्यानंतर लगेच फाटा असेल तर तेवढ्यात तो मागे पडलेला असतो. समृद्धीवर एक इंटरचेंज हुकला की पुढच्यापर्यंत जाऊन परत फिरण्याशिवाय इलाज नाही.

ही अडचण केबल जोडली की बऱ्याच गाड्यांत सुटते, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्हींत गाडी स्वतःच्या अँटेनाची आणि चाकांच्या वेगाची माहिती फोनला देऊ शकते. देते की नाही हे गाडीच्या कंपनीवर अवलंबून. तपासणं सोपं आहे: केबल लावून फोन डॅशबोर्डच्या खणात ठेवा आणि लांब बोगद्यातून वेग कमी-जास्त करत जा. बाणही तसाच कमी-जास्त वेगाने सरकला तर गाडी माहिती पुरवते आहे.

याची उलटी बाजूही आहे. गाडीचा अँटेना बिघडला असेल तर चांगला फोनही केबल लावताच चुकीची जागा दाखवू लागतो. बाण बाजूच्या शेतातून चालला किंवा उलट्या दिशेला तोंड करून बसला तर आधी केबल काढा. फोन एकटा बरोबर दाखवत असेल तर दोष गाडीकडे आहे. छताचं अस्तर उघडून काही काम केलं असेल तर अँटेनाची जोडणी सैल झालेली असू शकते. स्वस्त डॅशकॅम आणि सिगारेट लायटरमधले स्वस्त चार्जरही जीपीएसच्या सिग्नलमध्ये गोंगाट करतात. ते एकेक काढून बघा, सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी. टायरचं माप बदललं असेल तर चाकांच्या फेऱ्यांचा हिशेब चुकतो आणि बोगद्यात बाण मागे-पुढे होतो. अशा वेळी किंवा बॅटरी काढून लावल्यावर मोकळ्या आकाशाखाली काही किलोमीटर गाडी चालवली की बहुतेक युनिट स्वतःला सावरून घेतात.

उड्डाणपुलांपाशी दोघंही कच्चे. मोकळ्यावर फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं, पण उंचीतली चूक त्याहून मोठी असते, आणि पुलाची उंचीच मुळात सात-आठ मीटर. त्यामुळे गाडी वर आहे की खाली हे उंचीवरून ठरत नाही. नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, त्यावर मेट्रो अशी रचना आहे. खालच्या रस्त्यावर उपग्रहाचे सिग्नल काँक्रीटवर आपटून येतात आणि बाण भरकटतो. जायरो असलेल्या काही युनिटना चढ कळतो, तेवढाच फरक. सूचनांमध्ये मात्र फोन पुढे आहे: जुलै २०२४ मध्ये गुगल मॅप्सने भारतातल्या ४० शहरांत पुलावर चढायचं आहे हे आधी सांगायला सुरुवात केली, आणि मॅपल्स मोठ्या जंक्शनचं चित्रच दाखवतं. तरीही पाटी बघून लेन धरायची. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावर चढण्याऐवजी खालच्या रस्त्याने गेलेली गाडी थेट खाडीत पडली होती. चालक महिला वाचली.

आता गाडीतल्या युनिटची खरी दुखरी बाजू: शिळा नकाशा. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. मधल्या काळात अपडेट न केलेल्या युनिटमध्ये गाडी चक्क रानातून धावताना दिसते आणि आवाज ‘यू-टर्न घ्या’ म्हणत राहतो. मुंबई–गोवा महामार्गावर नव्या चौपदरी वळणरस्त्यांवर हेच होतं. अपडेट अनेक कंपन्या पहिली काही वर्षं मोफत देतात, पुढे पैसे. पेनड्राइव्ह कंपनीने सांगितलेल्या प्रकारातच फॉरमॅट करावा लागतो, नाहीतर युनिट त्याला ओळखतच नाही. फाइल काही जीबीची असते, कॉपी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागू शकतो आणि मध्ये इग्निशन बंद झालं तर पुन्हा पहिल्यापासून. लांबच्या प्रवासातच सुरुवातीला हे लावून द्या, म्हणजे इंजिन चालू राहतं. इंजिन बंद ठेवून केलं तर बॅटरी उतरते.

पत्ता शोधणं हे दुसरं दुखणं. जुन्या नकाशात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर सापडत नाहीत; औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर टाकावं लागतं. गावांचं तर विचारू नका. वडगाव व्ही घालून शोधलं की एक यादी, डब्ल्यू घालून शोधलं की दुसरी, आणि दोन्हींत डझनभर वडगावं. आधी तालुका निवडा, मग गाव. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे अक्षांश-रेखांश. फोनवर जागेवर बोट दाबून धरलं की १८.५२०४, ७३.८५६७ असे दशांशात आकडे मिळतात, पण बरीच युनिट अंश-मिनिट-सेकंद मागतात. दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणा: ०.५२०४ चे ३१.२२४, म्हणजे ३१ मिनिटं. उरलेल्या ०.२२४ ला पुन्हा ६० ने गुणा, १३.४ सेकंद. झालं १८ अंश ३१ मिनिटं १३.४ सेकंद. शेतघरं, होमस्टे, वाडीतली देवळं यांच्यासाठी दुसरं काही चालत नाही.

फोनच्या बाजूने उष्णता हा एक नंबरचा शत्रू. काचेमागे होल्डरवर, स्क्रीन पूर्ण उजळलेली, चार्जिंग चालू आणि बाहेर मे महिना, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातला: आधी उजेड आपोआप मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, शेवटी फोन बंद. एसीच्या जाळीवरचा होल्डर उन्हाळ्यात उत्तम, फक्त तिथून गार हवाच येऊ द्या. रबरी चोषक डॅशबोर्डच्या खडबडीत प्लास्टिकवर टिकत नाही, काचेवरच टिकतो. वायरलेस जोडणी आणि वायरलेस चार्जिंग एकत्र वापरणं मी पूर्ण बंद केलं आहे. फोन तापतो तो तापतोच, वर चार्जही नीट होत नाही. केबल डेटाची हवी. फक्त चार्जिंगची केबल लावली तर फोन चार्ज होतो पण स्क्रीनवर काही येत नाही, आणि लोक दोष गाडीला देतात. गाडीतले जुने यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअरच देतात. होल्डरवर नॅव्हिगेशन चालू असताना त्यावर बॅटरी वाढण्याऐवजी उतरते. तिथे १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चांगला १८ वॉटचा चार्जर लागतो.

ताम्हिणी, वरंधा, अणुस्कुरा अशा घाटांत रेंज जाते. घरून निघतानाच गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून ऑफलाइन नकाशे उघडा आणि निघण्यापासून पोहोचण्यापर्यंतचा सगळा पट्टा एकाच चौकटीत घ्या. प्रवासाचा एखादा तुकडा चौकटीबाहेर राहिला तर ऑफलाइन रस्ता निघत नाही. ट्रॅफिक आणि बंद रस्ते मात्र ऑफलाइन दिसणार नाहीत. पावसाळ्यात दरड पडून घाट बंद असेल तर गाडीतलं युनिट आणि ऑफलाइन फोन दोघंही तुम्हाला बिनदिक्कत तिकडेच नेतील. वरंध्यासारख्या घाटाबद्दल भोर किंवा महाडला चहाच्या टपरीवर विचारून घ्या. दाभोळ–धोपावेसारखी फेरीबोट घ्यायची असेल तर फोनच्या रस्त्याच्या पर्यायांत ‘फेरी टाळा’ बंद आहे ना ते पाहा, नाहीतर लांबचा वळसा दाखवला जातो.

फोन हातात धरून नकाशा बघू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येतं. धोकादायक चालवण्याच्या कलम १८४ खाली पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी हिशेब थोडा बदलतो. काही मॉडेलमध्ये चार्जिंग स्टेशन गाडीच्याच नकाशात टाकलं तरच बॅटरी फास्ट चार्जिंगसाठी आधीपासून तयार व्हायला लागते. तेच ठिकाण फोनवर टाकलं तर बहुधा काही होत नाही. तिथे रस्ता फोनवर बघा, पण ठिकाण गाडीतही टाका.

आणि जुनी गाडी घेत असाल तर नॅव्हिगेशनचं एसडी कार्ड खाचेत आहे का ते पैसे देण्याआधी बघा. काही गाड्यांत कार्ड त्या एकाच युनिटशी बांधलेलं असतं. दुसऱ्या गाडीचं किंवा कॉपी केलेलं कार्ड चालत नाही, नवंच घ्यावं लागतं.