१८,५०० रुपयांची इंटर्नशिप

मागच्या आठवड्यात कॉलेजातल्या एका ज्युनियर मुलीने मला मोबाइलवर तिचं निवडपत्र दाखवलं. मुंबईतली समकालीन कलेची गॅलरी, तीन महिने इंटर्नशिप. गॅलरीचं नाव वेगळं होतं, पण खालचा गोल शिक्का आणि 'परत मिळणारी अनामत' ही ओळ मी लगेच ओळखली. तिने अजून पैसे भरले नव्हते. मी भरले होते.

माझं गाव चाळीसगाव तालुक्यात. शाळेत असताना सरांनी आम्हाला चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी नेलं होतं. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांनी काढलेले टेबल टॉप फोटो मी तिथे पहिल्यांदा पाहिले, आणि एका माणसाचं काम इतकी वर्षं असं जपून ठेवता येतं हे मनात बसलं. जळगावला पेंटिंग शिकायला आले तेव्हापासून मला गॅलरीतच काम करायचं होतं. आपल्या भागात तशी गॅलरी मला माहीत नव्हती, म्हणून नेटवर जाहिरात दिसली आणि मी अर्ज केला.

त्यांनी लगेच पैसे मागितले असते तर मी सावध झाले असते. त्यांनी आधी काम दिलं. एका तैलचित्राचे आठ फोटो पाठवले आणि म्हणाले, याचा कन्डिशन रिपोर्ट लिहा. म्हणजे चित्र हलवण्याआधी ते कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद: रंगाला भेगा कुठे, कॅनव्हास सैल पडलाय का, फ्रेमचा कोपरा उडालाय का. मी दोन रात्री बसून लिहिला. त्यावर फोन आला, 'छान आहे, पण बाजूने तिरका टॉर्च मारून घेतलेला फोटो बघा, वर डावीकडे रंगाचा पापुद्रा उचललेला दिसेल.' खरंच दिसत होता! एवढं बारीक जाणणारा माणूस लबाड असेल असं मनातही आलं नाही.

मग पत्र आलं. अनामत १२,००० आणि 'कलाकृती हाताळणी विमा' ६,५००. पप्पांनी भाव चढायची वाट न बघता घरातला कापूस खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला. अडीच क्विंटलच्या वर गेला त्यात. यूपीआयवर पिन टाकण्याआधी स्क्रीनवर गॅलरीच्या ऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. मी थांबले, विचारलं. 'गॅलरीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे आमच्या अकाउंटंटचं खातं.' मी पिन टाकला. त्या क्षणी माझा हात थांबला होता, हे मला आजही बोचतं.

ठरलेल्या सोमवारी रात्रीच्या गाडीने सीएसएमटीला उतरले आणि बॅग घेऊन चालत पत्रावरच्या पत्त्यावर, काळा घोड्याला गेले. इमारत खरी होती. तिसऱ्या मजल्यावर वकिलांचं ऑफिस होतं. फोन बंद.

शेजारच्या गल्लीत एक खरी गॅलरी उघडी होती. तिथल्या ताईंनी बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कपाटातून एक कन्डिशन रिपोर्ट काढून दाखवला. चित्र देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही, प्रत्येक डागापुढे फोटोचा नंबर. 'विमा आम्ही नाहीतर चित्राचा मालक काढतो,' त्या म्हणाल्या, 'चित्र भिंतीवरच्या खिळ्यावरून उतरल्यापासून परत खिळ्यावर जाईपर्यंतचा. इंटर्नकडून कोण घेईल?' मी ज्याचा रिपोर्ट लिहिला होता त्या चित्राचा फोटो त्यांनी गूगल लेन्सवर टाकला. परदेशातल्या एका म्युझियमच्या साइटवर तो निघाला, तिरक्या प्रकाशातल्या फोटोसकट. त्या पापुद्र्याची नोंदही तिथेच होती.

घरी फोन लावला तेव्हा रडू आवरेना. पप्पा एवढंच म्हणाले, 'जाऊ दे वं माय, तू घर ये पहिले.'

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार घेतली गेली. पण पैसे भरून १९ दिवस झाले होते आणि रक्कम त्याच दिवशी पुढच्या खात्यांत वळली होती. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. लाजेपोटी एक दिवसही घालवू नका. पत्रावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो, माझ्या पत्रावरचा एका कापड दुकानाचा निघाला. गॅलरीचा नंबर पत्रावरून घेऊ नका, स्वतः शोधून काढा आणि दिवसा, कामाच्या वेळेत फोन करा. मुंबईत ओळखीचं कुणी असेल तर त्याला एकदा दारापर्यंत जाऊन यायला सांगा.

ज्युनियर मुलीला मी तिच्या पत्राचे आणि फोटोंचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला लावले. तिला आलेले फोटोही त्याच तैलचित्राचे आहेत. उद्या आम्ही दोघी ते घेऊन जळगावच्या सायबर पोलिसांकडे जाणार आहोत. तुमच्याकडे असंच पत्र आलं असेल तर पुसून टाकू नका, तुमच्या जिल्ह्यात तक्रार द्या.