उंच वेलीचे जुने वाटाणे सोलापुरात – अख्खा सीझन लावून बघितल्यावर

आर्केल, बोनव्हिल हे कृषी केंद्रात पाकिटात मिळणारे वाटाणे बऱ्याच जणांनी लावलेत, मीपण दरवर्षी लावते, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गुडघ्याएवढं नाहीतर थोडं जास्त झाड होतं, शेंगा एकदम येतात, दोन-तीन तोडण्या झाल्या की संपलं. हा रिव्ह्यू माणसाच्या डोक्याच्या वर जाणाऱ्या जुन्या वेलीच्या वाटाण्यांचा आहे. ऑक्टोबरच्या शेवटी टाकले आणि मार्चमध्ये वेल काढले, म्हणजे पूर्ण सीझन बघून लिहितेय. जागा जुळे सोलापूर, घरामागचा परस, काळी माती, नळाला पाणी रोज येत नाही त्यामुळे ड्रम भरून ठेवायचे आणि मगाने घालायचं.

चार प्रकार लावले. आल्डरमन, ज्याला टॉल टेलिफोनपण म्हणतात, इंग्लंडची 19व्या शतकातली जात, मोठे दाणे, सुरकुतलेलं बी. गोल्डन स्वीट, पिवळ्या शेंगांचा, कोवळी शेंग सालासकट खायची, आणि गंमत म्हणजे हा मूळ भारतातल्या कुठल्यातरी बाजारातून बाहेर गेला असं बियाणंवाले सांगतात. करूबी द मोसान, फ्रान्सचा, हापण सालासकट खायचा, जांभळी फुलं. आणि चौथा किराणा दुकानातला काळा वाटाणा, कोकणात ज्याची उसळ करतात तोच. पहिले तिन्ही ऑनलाइन मागवले, मोजून थोडं बी आणि त्याचे पैसे ऐकून मिस्टर म्हणाले एवढ्यात मंगळवार बाजारातून पिशवीभर शेंगा आल्या असत्या. खरंय, पण बाजारात पिवळी शेंग मिळत नाही हो.

आता मेन मुद्दा. जात निवडताना सगळे उंची, दाण्याची साइज आणि फोटो बघतात. आपल्याकडे बघायचं ते एकच, फूल कधी लागतं. वाटाण्याच्या उशिरा फुलणाऱ्या बऱ्याच जाती दिवसाच्या लांबीवर चालतात, दिवस मोठा असला की लवकर फुलतात आणि छोटा असला की नुसता पाला वाढवत बसतात. इंग्लंडमध्ये हे मार्च-एप्रिलमध्ये पेरतात, तेव्हा तिथं दिवस वाढत जाऊन सोळा तासांच्या वर जातो. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यामुळे आल्डरमनने डिसेंबरभर नुसतं वर चढायचं काम केलं, मांडव संपला, मग वरून खाली लोंबायला लागला, बघायला येणारे वा वा करायचे आणि फूल एकपण नाही. फुलं आली ती जानेवारीत, गड्ड्याची यात्रा सुरू असताना. शेंगा भरायला लागल्या तोवर फेब्रुवारी, दुपारी तेहेतीस-चौतीस, आणि वाटाण्याची फुलं तिशीच्या वर गेलं की गळतात. खालच्या शेंगा नीट भरल्या, वरच्या नुसत्या पोकळ.

पण जे दाणे मिळाले ते... काय सांगू. तोडून लगेच कच्चे खाल्ले, एवढा गोड वाटाणा मी आजवर खाल्लेला नव्हता. सुरकुतलेलं बी असणारे वाटाणे गोडच असतात, त्यांच्यात स्टार्च तयार करणारं एक एन्झाइम बिघडलेलं असतं म्हणून साखर तशीच राहते, हे नेमकं कारण 1990 मध्ये सापडलं. बाजारातल्या शेंगा फिक्या का लागतात तेपण कळलं, तोडल्यापासून साखरेचा स्टार्च होत राहतो आणि आपल्याकडे पोचेपर्यंत दिवस गेलेला असतो. फक्त या बियांचा एक ताप आहे, गार ओल्या मातीत गुळगुळीत बीपेक्षा लवकर कुजतात, आणि आपली काळी माती पाणी धरून ठेवते. मी सरीच्या वरंब्यावर टोकले, टोकायच्या आदल्या दिवशी पाणी दिलं आणि कोंब वर दिसेपर्यंत थेंब घातला नाही, बहुतेक सगळे उगवले.

गोल्डन स्वीटने मात्र मन जिंकलं. डिसेंबरमध्येच जांभळी फुलं, नंतर फिकट लिंबू रंगाच्या शेंगा, हिरव्या पाल्यात लांबूनच दिसतात त्यामुळे तोडायला सोपं, हिरवी शेंग हिरव्या वेलीत शोधून डोळे दुखतात त्यापेक्षा बरं. भोगीच्या भाजीत पावटा, हरभरा, गाजर, वांगं यांच्याबरोबर याच शेंगा मोडून घातल्या, तिळाच्या बाजरीच्या भाकरीबरोबर. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं की पिवळी पडलेली शेंग कशाला घालतेस, नंतर दुसऱ्यांदा वाढून घेतली. एक लक्षात ठेवा, जांभळ्या फुलाच्या वाटाण्याच्या बियांच्या सालीत टॅनिन असतं, दाणा फुगायला लागला की तुरट लागतो, म्हणून शेंग चपटी असतानाच तोडायची. दोन दिवस उशीर झाला तर ती बियाण्याला ठेवा, ताटात नको. करूबीचंपण असंच आहे, शेंग त्याची मोठी आणि रुंद, फुलं एवढी सुंदर की शेजारच्या काकू देवाला मागून न्यायच्या, पण फूल नेलं म्हणजे शेंग गेली हे त्यांना सांगायचं कसं. उत्पन्न ठीक, गोल्डन स्वीटपेक्षा कमी.

काळ्या वाटाण्याने सगळ्यात जास्त आश्चर्य दिलं. किराण्यातलं बी, काही अपेक्षा नव्हती. गडद सालीचं बी म्हणजे रंगीत फूल येणार हे ठरलेलं, तशी ती आली, वेल छातीपर्यंत गेला, पाणी कमी पडलं तरी कुरकुर नाही. कोवळे दाणे गोड नाहीत, उसळीलाच चांगले. पण वाळवून उसळ केली ती विकतच्यापेक्षा लवकर शिजली, ताजं कडधान्य असल्यामुळे असेल.

मांडवाबद्दल लिहिलंच पाहिजे कारण अर्धं यश तिथं आहे. वाटाण्याच्या पानाच्या टोकाला जे बारीक कुरळे धागे असतात ते बारीक वस्तूलाच विळखा घालू शकतात. जाड बांबू, पाइप, ग्रिल काही कामाचं नाही, वेल घसरून ढीग होतो. इंग्लंडमध्ये हेझेल नावाच्या झुडपाच्या फांद्या रोवतात, आपल्याकडे त्याहून भारी वस्तू फुकट पडलेली असते, तुराट्या! मागच्या वर्षीच्या वाळक्या तुराट्या, फाटे न तोडता, ओळीच्या दोन्ही बाजूंनी रोवल्या, खालचे तीन-चार फूट त्यांच्यावर. त्यावर दोन बांबू उभे, आडवी काठी, आणि काठीवरून खाली सूत सोडलं. सूत म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातलं वेस्ट, सोलापुरात ते किलोवर मिळतं, ओळखीत तर असंच देतात. दुपदरी पीळ घालून वापरा, एकपदरी जानेवारीच्या वाऱ्यात तुटतं. सीझन संपल्यावर वेल, सूत सगळं एकत्र कंपोस्टमध्ये, कारण सुती आहे, पण सूत घेताना पॉलिस्टर मिक्स नाही ना ते जाळून बघा. प्लॅस्टिकची जाळी स्वस्त वाटते पण वाळलेला वेल त्यातून सोडवताना जीव जातो.

बियाण्यावरून एक तक्रार. आल्डरमनच्या पाकिटातली काही झाडं बुटकीच राहिली. मेंडेलने 1866 मध्ये जे छापलं त्यात उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकरातून दुसऱ्या पिढीत 787 उंच आणि 277 बुटकी झाडं आली होती, म्हणजे साधारण तीनास एक. बुटकेपण दबून राहतं पण शुद्ध उंच जातीत ते लपलेलंच नसतं, तेव्हा बुटकी झाडं निघाली म्हणजे एकतर भेसळ नाहीतर कुठंतरी संकर झालेला. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं की खत जास्त घाला, उंची वाढेल. खताने कशी वाढणार? बुटक्या वाटाण्यात पेरांची संख्या फार वेगळी नसते, दोन पेरांमधलं अंतर कमी असतं, कारण जिबरेलिन नावाचं वाढीचं हार्मोन त्यात कमी बनतं. शेणखत ओतून ते येत नाही. ती झाडं फुलायच्या आधी उपटून टाकली. आणि खताचंच म्हणाल तर युरिया वाटाण्याला घालूच नका, मुळांवरच्या गाठी नत्र देतात, जास्त नत्राने पालाच माजतो.

रोगात नागअळी डिसेंबरपासून होती, पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा, खालची पानं तोडून टाकली की पुरतं. खरा त्रास भुरीचा. जुन्या विलायती जाती भुरीला टिकत नाहीत, दिवसा ऊन रात्री गारवा असं सुरू झालं की पिठासारखी पांढरी पसरते. आल्डरमनला सगळ्यात जास्त, कारण तो तोवर रिकामाच उभा होता. विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, तेपण भुरी दिसायला लागल्या लागल्या. फेब्रुवारीत ऊन वाढल्यावर गंधक मारू नका, पानं भाजतात. ज्यांना फवारणी अजिबात नको त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का अजित हा वाटाणा बघावा, भुरी आणि तांबेरा दोन्हीला टिकतो, मात्र तो या उंच वेलींच्या जातकुळीतला नाही.

मग हे सगळं का करायचं? जागेमुळे. माझ्या वाफ्याच्या त्याच पट्ट्यात बुटका वाटाणा दोन आठवड्यांत आटपायचा, गोल्डन स्वीट डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थोडं थोडं देत राहिला, रोजच्या भाजीत मूठभर पडेल एवढं. ज्यांना फ्रीझर भरायचा आहे त्यांनी आर्केलच लावा, एकदम शेंगा तिथंच मिळतील. मशिनने काढणी आणि कारखान्यातले डबे यांच्यासाठीच तर बुटके वाटाणे पुढे आले आणि हे मागे पडले.

मार्क द्यायचे तर गोल्डन स्वीट पाचपैकी साडेचार, काळा वाटाणा चार, करूबी तीन, आल्डरमन चवीला पाच आणि सोलापूरला दोन. यंदा आल्डरमन लावणार ते फक्त एक छोटी ओळ, पश्चिमेच्या भिंतीच्या सावलीत, म्हणजे दुपारचं ऊन चुकेल.

बी घरचंच धरलंय. वाटाण्याचं फूल उमलायच्या आतच परागीकरण उरकतं, त्यामुळे दोन जाती शेजारी असल्या तरी सहसा मिसळत नाहीत, फक्त वेल एकमेकांत गुंतले की कुठली शेंग कुणाची ते कळत नाही म्हणून बियाण्याच्या शेंगांना आधीच रंगीत सुताची गाठ मारली. वेलीवरच खडखड वाजेपर्यंत वाळू द्यायच्या, मग सावलीत अजून थोडे दिवस. भुंग्याची अळी शेतातूनच दाण्यात येते, त्यामुळे नुसता कडुलिंबाचा पाला घालून भागत नाही, पूर्ण वाळलेलं बी हवाबंद बरणीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर ओल धरते.