आठ महिने, भंगारातला टीव्ही आणि प्लायमागे गाडलेलं एव्हीचं बटण

आठ महिन्यांपूर्वी मी घरीच व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसलं मशीन बनवलं. गेल्या रविवारी त्यावर पॅकमॅन ऐन रंगात आलेला असताना चित्र मधोमध मिटलं आणि पडद्यावर एकच पांढरी आडवी रेघ उरली. आवाज मात्र चालूच. वर्ष झाल्यावर सावकाश लिहिणार होतो, पण आता राग ताजा आहे.

सामान नेहमीचंच: रास्पबेरी पाय 3 (हा एक छोटासा कॉम्प्युटर), रेट्रोपाय (त्यावर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर), जॉयस्टिक-बटणांचा यूएसबी किट आणि 21 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही. टीव्ही भंगारवाल्याकडून 300 रुपयांत, तोही 350 सांगत होता. प्लाय आमच्याच मोडलेल्या किचन ट्रॉलीचं. सुतार लावला नाही, आणि ते लांबूनही दिसतं.

ट्यूब कशाला, एलईडी लाव, असं सगळे म्हणाले. पण पार्लरमध्ये आम्ही ज्याला मुस्तफा म्हणायचो, तो गेम ट्यूबवरच खेळायचा. (कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम, 1993. हे खरं नाव मला नोकरीला लागल्यावर कळलं. पार्लरमध्ये कुणी ते घेतलेलं आठवत नाही.)

पायच्या हेडफोन जॅकमधूनच चित्र निघतं. जुन्या कॅमेऱ्याची केबल लावलीत तर चित्राची पिवळी पिन कोरडी निघू शकते. मग टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल पिन घालून बघा. मी नवी केबल मागवून बसलो होतो, 180 रुपये फुकट. दुसरं म्हणजे आपले टीव्ही पाल (PAL) पद्धतीचे, सेकंदाला 50 वेळा चित्र बदलणारे. हे गेम 60 च्या आसपास चालतात, त्यामुळे गेममधली माणसं अडखळत चालतात. पायच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाईलमध्ये) एनटीएससी ही 60 वाली पद्धत लावली आणि सगळं लोण्यासारखं. टीव्ही मल्टीसिस्टीम (दोन्ही पद्धती चालणारा) हवा, नाहीतर चित्र कृष्णधवल येतं.

आता मुख्य दुखणं. हा टीव्ही एव्ही मोड (चॅनलऐवजी बाहेरून जोडलेल्या यंत्राचं चित्र दाखवायचं) लक्षात ठेवत नाही. लाईट गेली आणि आली, की पडद्यावर मुंग्या. रिमोट भंगारवाल्याकडेच नव्हता. टीव्हीवरचं एव्हीचं बटण आहे, पण ते मी स्वतःच्या हाताने 19 एमएम प्लायच्या मागे बंद केलं. आमच्याकडे लाईट दिवसातून दोनदा तरी जाते. मग मागची फळी, सहा स्क्रू, हात आत, चाचपडत बटण. आठ महिने! बायको म्हणाली, "इतके स्क्रू काढण्यापेक्षा बुद्धिबळ खेळा." युनिव्हर्सल रिमोट 150 चा आणला, त्यात बाकी सगळं चालतं, एव्ही सोडून.

तर रेघ. मेकॅनिक काका घरी आले, आधी ट्यूबचा चार्ज काढला (टीव्ही बंद असला तरी तिथे काही हजार व्होल्ट साठलेले असू शकतात, स्वतः हात घालू नका) आणि म्हणाले, "व्हर्टिकल आयसी गेली, चित्र वर-खाली पसरवणारी चिप. श्वास कुठून घेणार ही?" मी चारही बाजूंनी डबा बंद केला होता. पाली आत जाऊ नयेत म्हणून. पहिल्या महिन्यात मी लोकांना ही युक्ती अभिमानाने सांगितली होती, ती मागे घेतो. मागे वरच्या बाजूला भोकं पाडा, आणि भरपूर पाडा. पालींसाठी जाळी लावा.

आयसी आणि मजुरी मिळून 330 रुपये, म्हणजे टीव्हीपेक्षा जास्त. मी तोंड वाकडं केलं. तेवढ्यात काकांनी विचारलं, हे रिकामं बटण कशाला? पॅनेलवर कॉइनचं एक जास्तीचं बटण होतं. त्यांनी एव्हीच्या बटणाच्या पायांना दोन वायरी जोडल्या आणि त्या बाहेर आणून त्या बटणाला दिल्या. पाच मिनिटं. पैसे घेतले नाहीत, मुस्तफाची एक स्टेज खेळून गेले.

आता लाईट आली की एक बोट, बस. फक्त मुलगी हरायला लागली की तेच बटण दाबते आणि म्हणते, "बाबा, लाईट गेली होती."