लिनक्स कर्नलची 'ओव्हरफ्लो डॉट एच' : गुणाकाराचा पहारा चोख, बेरजेकडे लक्ष हवे

वापरकर्त्याकडून घटकांची संख्या घ्यायची, तिला एका घटकाच्या आकाराने गुणायचे आणि तेवढी मेमरी 'केमॅलॉक'कडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या (कर्नलमधल्या) मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे मागायची, ही ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड) लिहिणाऱ्यांची जुनी पद्धत आहे. ३२ बिटच्या यंत्रावर २४ बाइटच्या घटकासाठी १७,८९,५६,९७१ ही संख्या आली, तर गुणाकार ४,२९,४९,६७,३०४ होतो. तो ३२ बिटांत मावत नसल्याने प्रत्यक्षात ८ बाइटच मागितले जातात, आणि पुढचा लूप मात्र सांगितलेल्या संख्येइतके घटक लिहीत सुटतो.

हा धोका टाळण्यासाठी २०१८ मध्ये, ४.१८ आवृत्तीत, कर्नलच्या 'ओव्हरफ्लो डॉट एच' या हेडर फाइलमध्ये (इतर कोडला वापरता येणाऱ्या सामाईक फाइलमध्ये) 'अ‍ॅरे साइझ' आणि 'स्ट्रक्ट साइझ' ही लागणारे बाइट मोजणारी साधने आली. गुणाकार मावला नाही तर ती शक्य तितका मोठा आकडा, म्हणजे 'साइझ मॅक्स', परत करतात. एवढी मेमरी कोणीच देऊ शकत नसल्याने 'केमॅलॉक' नल, म्हणजे 'मेमरी मिळाली नाही' असे सांगणारा रिकामा पॉइंटर (मेमरीचा पत्ता), देते आणि त्यासाठीची तपासणी कोडमध्ये बहुधा आधीपासूनच असते. चूक हाताळायला वेगळी ओळ लिहावी लागत नाही, हा मला या साधनांचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

खटकणारी गोष्ट म्हणजे हे संरक्षण त्या एका हिशेबापुरतेच टिकते. मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या एका बाइटसाठी कोणी 'स्ट्रक्ट साइझ'च्या उत्तरात सहज १ मिळवला, तर 'साइझ मॅक्स'चे शून्य होते, आणि शून्य बाइट मागितल्यावर 'केमॅलॉक' नल न देता एक खास पॉइंटर देते, त्यामुळे नलची तपासणी निमूट पार पडते. 'साइझ अ‍ॅड' हे यावरचे साधन पुढे आले खरे, पण साधे अधिक चिन्ह वापरणाऱ्याला कोणी अडवत नाही.

वजाबाकीचेही तेच. सीव्हीई-२०२२-०१८५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींची सार्वजनिक यादी) या कर्नलमधल्या त्रुटीत पेजच्या, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या, आकारातून २ आणि आधी साठलेल्या मजकुराची लांबी वजा करून, उरलेल्या जागेशी नव्या मजकुराची तुलना होत होती. पेज ४०९६ बाइटचे आणि साठलेली लांबी ४०९५ असली, की उणे १ ऐवजी चिन्हरहित प्रचंड आकडा तयार होतो आणि कितीही लांब मजकूर 'मावतो' असे ठरते. दुरुस्तीत वजाबाकी काढून साध्या बेरजेची तुलना आली. विशेष म्हणजे हा कोड २०१९ मधल्या ५.१ आवृत्तीतला, म्हणजे ही हेडर फाइल हाताशी असताना लिहिलेला.

नव्या ड्रायव्हरसाठी मी ही फाइल बिनदिक्कत सुचवेन. मात्र आपल्या हार्डवेअरला खरोखर किती घटक लागू शकतात, ती कमाल मर्यादा गुणाकाराच्या आधीच तपासावी, कारण १० लाख घटकांची मागणी बिटांत व्यवस्थित मावत असेल, तर 'अ‍ॅरे साइझ'ला तिच्यात वावगे काहीच दिसत नाही.