मान दुखणाऱ्यांसाठी समोरचा स्नॉर्कल, घेण्यासारखा आहे
मानेच्या सी५-सी६ मणक्यांमधली गादी सरकल्यापासून डाव्या अंगठ्यात मुंग्या, फिजिओ म्हणाल्या पोहा पण मान वळवू नका, आता फ्रीस्टाइलला श्वास घ्यायचा कसा? ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर मान मागे जातेच. म्हणून हा कपाळावरून श्वासाची नळी वर जाणारा स्नॉर्कल घेतला, चेहरा पाण्यात, नजर तळाच्या काळ्या पट्ट्यावर आणि मान जागची हलत नाही, भारीच! पहिले दोन दिवस नाकात पाणी जाऊन नुसता ठसका, मग नाकाला क्लिप लावली. कपाळाची पट्टी मात्र फालतू, टोपीवरून सारखी घसरते, नळीत पाणी शिरलं की जोरात फुंकायचं. रोज २० मिनिटं, मधेमधे बॅकस्ट्रोक. शेजारच्या लेनमधले काका विचारतात, समुद्रात निघालात का!